पडवीतील ऊन

मार्गशीर्ष-पौषाच्या सकाळी दमणगंगेच्या खोऱ्यात धुके उतरते, तेव्हा सिल्वासाच्या आसपासच्या खेड्यांतील माणसे घरात बसत नाहीत. म्हातारी माणसे, अंगाला तेल लावलेली तान्ही मुले, सुपात तांदूळ घेऊन निवडीत बसलेल्या बायका, ही सारी मंडळी पडवीत किंवा अंगणाच्या कडेला येऊन ऊन खात बसतात. ऊन खाणे हा मराठीतील प्रयोग मोठा अर्थपूर्ण आहे. अन्नाप्रमाणे उन्हाचीही भूक असते आणि ती भागविण्यासाठी घराला एखादी जागा असावी लागते, हे त्यात गृहीत धरलेले आहे.

अलीकडे शहरांतील घरबांधणीच्या जाहिरातींत 'सनरूम' हा शब्द दिसू लागला आहे. राहत्या घराला जोडून काढलेली, दोन-तीन बाजूंनी काचेची, सूर्यप्रकाश आत घेणारी खोली, असा त्याचा अर्थ. शब्द थंड देशांतून आला आणि त्याच्याबरोबर त्या देशांचा आराखडाही आला. दादरा आणि नगर हवेलीसारख्या मुलखात बेताच्या मिळकतीच्या कुटुंबाला अशी खोली काढावयाची झाली, तर ती कशी काढावी? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी, येथील घरात ऊन कोणत्या वाटेने आले आणि किती काळ ते दाराबाहेरच थांबून राहिले, हे पाहणे उपयोगाचे ठरेल. वरवर पाहता हा इतिहास खिडकीचा आणि पडवीचा आहे. खोलात गेल्यास तो लाकडाचा, काचेचा आणि पैशाचा आहे.

सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी वसलेला हा मुलूख अवघा ४९१ चौरस किलोमीटरांचा. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथे धो धो पाऊस कोसळतो आणि उरलेल्या आठ महिन्यांत आकाश जवळजवळ कोरडे असते. वारली किंवा कोकणा कुटुंबाचे जुने घर कुडाचे. कारवीच्या काठ्या उभ्या लावून, बांबूच्या कामट्यांनी आडव्या बांधून, दोन्ही अंगांनी माती आणि शेण यांचा गिलावा दिला की कूड तयार झाला. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि फुलून गेल्यावर वाळते. तिच्या सरळ काठ्या ही सह्याद्रीच्या पायथ्याच्या गरिबांची वीटच होय. खांब जंगलातल्या लाकडाचे, छप्पर गवताचे किंवा पेंढ्याचे, आणि ऐपत आली तर नळीच्या कौलांचे. खिडकी बहुधा नसेच.

या खिडकीहीन घराकडे पाहून बाहेरच्या माणसाने नाक मुरडावे हे सोपे आहे. परंतु त्यात अडाणीपणा नव्हता, हिशेब होता. खिडकी म्हटली की चौकट आली, चौकट म्हटली की सुतार आला, आणि सुतार आला की खर्च आला. एवढे करूनही हाती काय लागते? काच नसेल तेव्हा खिडकीला झडप लागते. झडप उघडी ठेवावी तर उजेडाबरोबर पाऊस आत येतो, आणि लावून घ्यावी तर पावसाबरोबर उजेडही बाहेर राहतो. उजेड घ्यावा आणि पाऊस परतवावा, ही दोन्ही कामे एकाच वेळी करणारी वस्तू हाती नव्हती. तेव्हा कुडाच्या भिंतीतील बारीक फटींतून जो वारा आणि जे कवडसे येतील तेवढ्यांवर आतली खोली चालत असे. धान्याच्या कणग्यांना आणि चुलीला तेवढे पुरे. तांदळाच्या पिठाने तांबूस भिंतीवर काढलेली वारल्यांची पांढरी चित्रे अशाच मंद उजेडात उठून दिसतात, हेही येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

उजेडाची कामे मग घराबाहेर गेली, पण छप्पर सोडून गेली नाहीत. येथेच पडवी जन्माला आली. खोलीला चार भिंती लागतात. पडवीला त्यांपैकी एक आधीच उभी असते आणि उरलेल्या तिन्हींवाचून तिचे अडत नाही. घराच्या छपराचा पाख पुढे वाढवायचा, त्याच्या कडेला दोन-चार खांब रोवायचे, खाली जोत्याला जोडून मातीचा ओटा करायचा, संपले काम. कमी खर्चात घर वाढविण्याची याहून साधी युक्ती अद्याप कोणी काढलेली नाही. टोपली विणणे, जाळे दुरुस्त करणे, बाळाला न्हाऊ घालणे, पाहुण्याला बसविणे, आजाऱ्याला निजविणे, ही सारी कामे या अर्ध्या उजेडाच्या जागेत होत. देशावरच्या वाड्यांनी हेच काम चौकाकडून करून घेतले आणि कोकणातील घरांनी ओटीकडून. परंतु चौकाला चहूबाजूंनी घर लागते. पडवीला एक भिंत पुरते.

आता लाकडाकडे वळावे. नगर हवेलीचे वन सागासाठी नामांकित होते. मग तेथल्याच माणसांच्या घरांना सागवानी चौकटी का मिळाल्या नाहीत, याचे उत्तर अठराव्या शतकातील एका तहात सापडते. मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगिजांचे 'सांताना' नावाचे जहाज घेतले होते. त्या नुकसानीच्या भरपाईचा प्रश्न आणि पोर्तुगिजांशी मैत्री राखण्याची पेशव्यांची गरज यांतून १७ डिसेंबर १७७९ चा तह झाला. वार्षिक बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे पोर्तुगिजांना द्यावयाची ठरली, आणि १७८३ च्या जून महिन्यात नगर हवेलीची ७२ गावे त्यांच्या ताब्यात गेली. दोन वर्षांनी दादराही त्यांच्याकडे आला. उत्पन्नासाठी दिलेल्या गावांबरोबर सागाचे रानही गेले, हे पुण्याच्या दफ्तरात कोणाला फारसे जाणवले नसावे. दमणच्या गोदीला मात्र ते चांगलेच जाणवले.

त्या गोदीत १८३२ मध्ये एका युद्धनौकेच्या बांधणीला आरंभ झाला आणि १८४३ मध्ये ती पाण्यात उतरली. 'दों फेर्नांदु द्वितीय इ ग्लोरिया' हे तिचे नाव. पोर्तुगालची ती शेवटची मोठी शिडाची युद्धनौका, आणि तिच्यासाठी साग वापरला गेला तो नगर हवेलीच्या रानातला. १९६३ मध्ये ती आगीत जवळजवळ जळून गेली. पुढे १९९८ च्या लिस्बन येथील जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने तिचा जीर्णोद्धार करण्यात आला, आणि लिस्बनसमोरच्या तीरावर ती वस्तुसंग्रहालय म्हणून जपली गेली. एका जहाजापायी रान गेले आणि त्या रानातून दुसरे जहाज निघाले. ज्यांच्या अंगणातून ते ओंडके ओढून नेले, त्यांच्या भिंती कारवीच्याच राहिल्या. घरातील उजेडाचा इतिहास लिहिताना जहाज मध्ये येते ते यामुळे.

१८८५ मध्ये सिल्वासाला नगराचा दर्जा आणि 'पासो द आर्कुस' हे पोर्तुगीज नाव मिळाले. स्थानिक लोक आपले पूर्वीचेच नाव घेत राहिले आणि शेवटी तेच टिकले. गावाला कारभाराचे ठिकाण ही प्रतिष्ठा आली आणि तिच्याबरोबर व्हरांड्याची घरे आली. व्हरांडा हा शब्दही मोठा प्रवासी आहे. वास्को द गामाच्या १४९८ च्या सफरीच्या रोजनिशीत तो कालिकतच्या वर्णनात येतो. तो पोर्तुगिजांनी येथे आणला की येथून नेला, यावर पंडितांचे एकमत नाही. तो वाद पंडितांवर सोपवावा. व्हरांडा आणि पडवी यांत नात्याचा फरक नाही, ऐपतीचा आहे. पडवीचा खांब रानातला, व्हरांड्याचा तासलेला. पडवीची जमीन सारवलेली, व्हरांड्याची फरशीची. गोव्यातील घरांपुढे जो बसण्याचा 'बल्कांव' असतो, समोरासमोर दगडी बैठका असलेला, तोही याच कुळातला.

पोर्तुगीज वहिवाटीच्या घरांनी खिडकीचा पेचही एका निराळ्या रीतीने सोडविला होता. उथळ समुद्रात मिळणाऱ्या एका चपट्या शिंपल्याच्या पातळ, दुधी पापुद्र्यासारख्या चकत्या चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांत बसवीत. गोव्यातील जुन्या घरांत आणि चर्चमध्ये ही तावदाने आजही पाहावयास मिळतात. काच त्या काळी इकडे फार महाग होती. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरतेस आलेला जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य लिहितो की काच दुर्मिळ असल्यामुळे लोक खिडक्यांना लाकडी जाळ्या किंवा शिंपल्या बसवितात. शिंपल्याच्या तावदानातून येणारा उजेड चांदण्यासारखा शीतल असतो. पाऊस अडतो, उन्हाची धग कमी होते, आणि बाहेरच्याला आतले दिसत नाही. उष्ण आणि पावसाळी देशाला काचेपेक्षा शिंपलाच अधिक मानवला असे म्हटले तरी वावगे ठरणार नाही. परंतु एका खिडकीला लहान लहान शेकडो चौकोन, आणि प्रत्येकाला सागाची खाच! ही खिडकी कुडाच्या घरात पोहोचणे शक्यच नव्हते.

ज्या काचेच्या खोलीचे आज कौतुक होते, ती युरोपातही आरंभी श्रीमंतांचीच होती. राजेरजवाडे आपली संत्र्याची झाडे हिवाळ्यात जगविण्यासाठी मोठ्या खिडक्यांची दालने बांधीत. सामान्य माणसाच्या आवाक्यात काच आली ती कर उठल्यावर. इंग्लंडात काचेवरील कर १८४५ मध्ये आणि खिडक्यांवरील कर १८५१ मध्ये रद्द झाला. त्याच १८५१ साली लंडनमध्ये लोखंड आणि काच यांचे प्रचंड प्रदर्शनगृह उभे राहिले आणि सर्व जगाच्या डोळ्यांत भरले. त्यानंतर मध्यमवर्गीय घरांच्या पाठीला काचेच्या खोल्या फुटू लागल्या. त्या देशात हे रास्तच होते. काच सूर्याचा प्रकाश आत घेते आणि तापलेल्या वस्तूंची ऊब सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. जेथे वर्षाचे सात-आठ महिने थंडी, तेथे अशी खोली म्हणजे फुकटची शेगडी. आपल्याकडे बंगळूरच्या लालबागेत १८८९ मध्ये काचघर झाले, पण ते फुलांच्या प्रदर्शनासाठी. माणसांनी राहण्यासाठी तसले घर बांधण्याची बुद्धी कोणास झाली नाही, हे बरेच झाले.

महाराष्ट्रात काचेचा ध्यास घेतला तो स्वदेशीने. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर फिरून पैसा पैसा गोळा केला आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना निघाला. त्यानंतर आठ वर्षांनी ओगल्यांचा कारखाना उभा राहिला, आणि तेथून निघालेला प्रभाकर कंदील खेडोपाडी गेला. गरिबाच्या घरात काच शिरली ती खिडकीतून नव्हे. ती शिरली बांगडीतून आणि कंदिलाच्या चिमणीतून. तावदानाची मोठी, सपाट काच स्वस्त होण्यास अजून पुष्कळ अवकाश होता. वितळलेल्या कथलावर काच तरंगवून ती सपाट करण्याची पिलकिंग्टन यांची रीत १९५९ मध्ये जगापुढे आली, आणि १९९० नंतरच्या दशकात तिचे कारखाने अंकलेश्वरला आणि तळोज्याला निघाले. सिल्वासाच्या बाजारात आज काच सहज मिळते, त्यामागे एवढी वाट आहे.

मधल्या काळात उजेडाची सर्वांत स्वस्त सोय झाली ती छपरातून. मंगळूर येथे बाझल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला. ती चपटी, एकमेकांत अडकणारी कौले पुढे पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. या कौलांना ठरावीक माप आणि ठरावीक खाचा असल्यामुळे त्याच आकाराचे काचेचे कौल मातीच्या कौलांमध्ये सहज बसविता येऊ लागले. चौकट नको, सुतार नको, भिंत फोडणे नको. एक मातीचे कौल काढायचे आणि त्या जागी काचेचे सरकवायचे. अंधाऱ्या माजघरात उन्हाचा एक चौकोन सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीकडे सरकत जातो, आणि घड्याळ नसलेल्या घरात बायका त्यावरून वेळ ओळखतात. घरातील उजेडाच्या इतिहासात या काचेच्या कौलाला जेवढे मानाचे स्थान द्यावयास हवे तेवढे कोणी दिलेले नाही.

उजेडाचा प्रश्न केवळ सोयीचा राहिला नाही, तो जीविताचा झाला, याला कारण क्षयरोग. सूर्यप्रकाशात जंतूंची वाढ थांबते हे डाउन्स आणि ब्लंट या दोघांनी १८७७ मध्ये प्रयोगाने दाखविले. क्षयाचा जंतू कॉख यांनी १८८२ मध्ये शोधून काढला. स्वित्झर्लंडमधील लेझाँ येथे रोलिए यांनी १९०३ पासून हाडांच्या क्षयाच्या रोग्यांना उन्हात निजविण्याचे उपचार चालविले. ती लाट आपल्याकडेही आली. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये पाचगणीला आरोग्यधाम काढले, आणि मिरजेजवळही क्षयरोग्यांसाठी तशीच सोय झाली. या सर्व ठिकाणी रोग्याची खाट कोठे असे? लांबलचक, उघड्या व्हरांड्यात. काचेच्या बंद खोलीत नव्हे. वारा आणि ऊन ही दोन्ही एकत्र हवीत, ही त्या काळच्या वैद्यांची समजूत. आणि तिच्या पुष्टीला पुढे आणखी एक गोष्ट कळली. खिडकीची साधी काच उजेड आत सोडते, पण ज्या अतिनील किरणांमुळे त्वचेत 'ड' जीवनसत्त्व तयार होते, त्यांना ती बहुतांशी अडविते. काचेआड ऊन खात बसलेल्या बाळाला ऊब मिळते, त्याच्या हाडांना लागणारे पोषण मिळत नाही. पडवीत बसलेल्या बाळाला दोन्ही मिळते.

औषधे निघाल्यावर आरोग्यधामांचे दिवस सरले. मद्रास येथे १९५६ मध्ये क्षयरोगाच्या औषधोपचाराचे केंद्र निघाले. आरोग्यधामात ठेवलेला रोगी आणि स्वतःच्या घरी राहून औषध घेणारा रोगी यांच्या बरे होण्यात फारसा फरक पडत नाही, हे त्या केंद्राने १९५९ मध्ये दाखवून दिले. हा निष्कर्ष गरीब देशाला मोठा दिलासा देणारा होता. रोगी आता घरी राहणार. मग ते घर कसे आहे, त्यात वारा खेळतो की नाही, हा प्रश्न वैद्याकडून गवंड्याकडे आला. गवंड्याने तो ऐकला असे मात्र म्हणवत नाही.

सिल्वासाच्या घरांचे पुढे काय झाले ते पाहिले म्हणजे हे पटते. २२ जुलै १९५४ रोजी दादरा आणि २ ऑगस्ट रोजी सिल्वासा पोर्तुगिजांच्या सत्तेतून मुक्त झाले. त्या मोहिमेत आझाद गोमंतक दलाबरोबर महाराष्ट्रातील अनेक तरुण स्वयंसेवक होते, आणि गायक-संगीतकार सुधीर फडके त्यांपैकी एक होते, हे मराठी वाचकास ठाऊक आहे. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा मुलूख भारतीय संघराज्यात रीतसर सामील झाला. २६ जानेवारी २०२० पासून दमण आणि दीव यांच्यासह त्याचा एक केंद्रशासित प्रदेश झाला आहे. १९६१ च्या शिरगणतीत येथील लोकसंख्या ५७,९६३ होती. २०११ मध्ये ती ३,४३,७०९ झाली. पन्नास वर्षांत सहापट! कारखाने आले, देशाच्या कानाकोपऱ्यांतून कामगार आले, आणि त्यांच्यासाठी चाळी उठल्या. भाड्याच्या हिशेबात खोलीचे प्रत्येक फूट मोलाचे. पडवी भाडे देत नाही. तेव्हा पडवी गेली. एक दार, फार तर एक खिडकी, आणि तीही समोरच्या चाळीच्या भिंतीकडे तोंड केलेली, अशा खोल्यांतून भरदिवसा दिवा लागतो. ज्यांनी स्वतःची पक्की घरे बांधली, त्यांनीही वर सिमेंटचा सपाट स्लॅब घातला आणि पुढची ओटी गजांनी आणि सरकत्या काचांनी बंद करून तिची आणखी एक खोली केली. कुडाच्या घरातून निघालेला माणूस पक्क्या घरात आला, आणि बरोबर आणावयाची होती ती एकच वस्तू मागे विसरून आला.

म्हणून आज सिल्वासात कोणी राहत्या घराला उन्हाची खोली जोडू म्हणेल, तर त्याने काचेच्या दुकानाकडे जाण्यापूर्वी दिशा पाहावी. हे गाव विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे सव्वावीस अंशांवर आहे. डिसेंबरच्या २२ तारखेस भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून केवळ ४६ अंश वर असतो. मार्च आणि सप्टेंबरच्या २१-२२ तारखांस तो सुमारे ७० अंशांवर जातो. आणि जूनच्या २१ तारखेस तर डोक्यावरून पलीकडे, किंचित उत्तरेस कलतो. या तीन आकड्यांत सारा आराखडा आला. दक्षिणेच्या भिंतीला लागून पडवी काढली आणि तिची वळचण जमिनीपासून सात फुटांवर ठेवली, तर डिसेंबरच्या दुपारी ऊन पावणेसात फुटांपर्यंत आत येते. मार्चमध्ये ते जेमतेम अडीच फूट येते, आणि जूनच्या दुपारी उंबरठ्यालाही शिवत नाही. हवे तेव्हा ऊन, नको तेव्हा सावली, आणि त्यासाठी पडदा नको, यंत्र नको. खोली सात फुटांहून फार खोल केली तर तेवढ्या फरशीचा खर्च वाढतो आणि ती जागा ऊन न पाहताच राहते. पूर्वेची पडवी कोवळ्या उन्हाला चांगली. पश्चिमेची मात्र करू नये. मे महिन्यातील चार वाजताचे ऊन छपराखालून आडवे घुसते आणि त्याला कोणतीही वळचण अडवीत नाही.

खर्चाचा क्रमही जुन्या लोकांचाच धरावा. पहिला पैसा जोत्यात जावा. पावसाचे पाणी खांबांच्या बुडाशी साचले तर लाकूड कुजते आणि लोखंड गंजते. दुसरा पैसा जुनी भिंत आणि नवे छप्पर यांच्या सांध्यात जावा. वळचणीचे पाणी आढ्याला चढत नाही, ही म्हण खरी असली तरी ज्याने श्रावणातला नैर्ऋत्येचा वारा पाहिला आहे त्याने तिच्यावर फार विसंबू नये. छपराची वरची कड भिंतीत खाच घेऊन आत दाबावी, तिच्यावर पत्र्याची पट्टी वाकवून बसवावी आणि उतार सढळ ठेवावा. पडवी गळते ती बहुधा येथेच. छप्पर कौलांचे असावे, आणि त्यात दोन-तीन काचेची कौले पुरेत. संपूर्ण छप्पर काचेचे किंवा पारदर्शक पत्र्याचे केले, तर मार्च उजाडताच ती खोली भट्टी होते आणि मालक तिच्यावर ताडपत्री ओढतो. असा ताडपत्री ओढलेला उजेड सिल्वासाच्या गच्च्यांवर पुष्कळ दिसतो.

काचेचा पैसा सर्वांत शेवटी. दक्षिणेकडे तोंड केलेल्या पडवीला पावसाळ्यात वाऱ्याची झड लागते. पूर्वी ती अडविण्यासाठी ज्येष्ठात बांबूच्या तट्ट्या किंवा विणलेले झाप बांधीत आणि दसऱ्याच्या सुमारास सोडीत. त्या चार महिन्यांत घरात अंधार असे. या हवेत काचेचे खरे काम एवढेच, की तट्टीची जागा घ्यावी आणि तट्टीने अडविलेला उजेड अडवू नये. तेव्हा तावदाने पूर्णपणे उघडणारी, शक्य तर बिजागऱ्यांवरून काढून ठेवता येतील अशी करावीत. खालचे दोन-अडीच फूट विटांची जाळी ठेवली तर काच कमी लागते आणि वारा बंद होत नाही. जुन्या घरांच्या पाडकामातून निघालेल्या सागवानी चौकटी वखारींतून मिळतात. त्या नव्या लोखंडी चौकटींहून दिसायला ओबडधोबड असतील, पण पन्नास पावसाळे सोसलेले लाकूड आणखी पन्नास सोसते. आणि ज्याला एवढेही परवडत नाही, त्याने खांब आणि छप्पर या वर्षी करावे, तट्ट्या बांधून पावसाळा काढावा, आणि काच पुढच्या वर्षी पाहावी. पडवीला थांबता येते. काचेची खोली मात्र अर्धवट सोडता येत नाही.

चाळीत राहणाऱ्याला यांतले काहीच करता येत नाही, हे उघड आहे. त्याच्या खोलीसमोरची दोन हातांची मोकळी पट्टी मालकाने छपराखाली घेऊन दक्षिणेस उघडी ठेवली, तर दहा बिऱ्हाडांची मुले तीत ऊन खातील. अशी बांधकामे नियमांच्या बाहेरची नाहीत, मालकाच्या हिशेबाच्या बाहेरची आहेत.

दिशा नक्की करण्यासाठी कोणाही इंजिनियराची गरज नाही. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी अंगणात हातभर काठी उभी करावी. सिल्वासात तिची सावली जवळजवळ काठीएवढीच पडते, आणि ती जिकडे पडते ती उत्तर. तीच काठी मेच्या २१ तारखेच्या सुमारास पुन्हा उभी करावी. त्या दुपारी सावली काठीच्या पायाशीच लपते. जुलैच्या २१-२२ तारखांनाही ती तशीच लपावयाची, पण तेव्हा आभाळ भरलेले असते आणि सावली पाहावयास मिळत नाही. या दोन दुपारींच्या खुणा जमिनीवर खुंट्या ठोकून ठेवल्या, म्हणजे खांब कोठे रोवावयाचा ते सुताराला सांगता येते.